चार चिंचोके

माझे बाबा, पुंजाराम होले, रोज दुपारी एकटेच पत्ते खेळतात, पण पानं दोघांची वाटतात. मळ्यातल्या टिनाच्या शेडमध्ये पोती अंथरलेली असतात. एका पोत्यावर ते स्वतः बसतात, समोरचं रिकामं असतं. दोन पानं स्वतःला, दोन पानं त्या रिकाम्या पोत्याला, सगळी उपडी. मग मधोमध पाच पानं उघडी मांडतात, बराच वेळ समोर बघत बसतात, ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलतात आणि सगळं गोळा करून पुन्हा पिसायला घेतात. समोरची दोन पानं त्यांनी तीन वर्षांत एकदाही उलटून पाहिलेली नाहीत.

वलगाव रोडवरचे शेजारी विचारतात तेव्हा आई सांगते, "मन रमते त्याईचं." मन रमलेल्या माणसाचा चेहरा असा नसतो, हे तिलाही कळतं. मला तर त्या रिकाम्या पोत्याची भीती वाटते, आणि भीती वाटली की माझं डोकं तापतं. इतवारा बाजारातलं भाजीचं दुकान आवरून मी दुपारी मळ्यात येते आणि ते पोतं दिसलं की उचलून धुऱ्यावर, पार शेताच्या बांधावर, भिरकावावंसं वाटतं. एकदा भिरकावलंही होतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी ते झटकून पुन्हा तिथेच अंथरलं. मला एका शब्दानं बोलले नाहीत.

ते पोतं श्रावणमामाचं. श्रावणमामा म्हणजे आईचा पाठचा भाऊ. अकोल्यात राजेश्वर मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्याचं फुलांचं दुकान होतं. पंधरवड्यातून एकदा तो दुकान मामीवर सोडायचा, गाडीनं बडनेऱ्याला उतरायचा आणि ऑटो करून थेट मळ्यात यायचा. येताना आईसाठी शेवंतीचा गजरा, बाबांसाठी टोमणे. "भाऊजी, तुमच्या पालकापेक्षा आमच्याकडचं गवत बरं," असं म्हणत तो पोत्यावर मांडी ठोकायचा आणि हात पुढे करायचा. पत्ते मागायची ती त्याची पद्धत.

खेळ आणला होता मामाच्या मुलानं, शुभमनं. तो पुण्याला नोकरीला असतो. लॉकडाऊनमध्ये घरी अडकला आणि हे खूळ घरात सोडून गेला. प्रत्येकाला दोन पानं झाकलेली, मध्ये सगळ्यांची मिळून पाच उघडी. ती आधी तीन, मग एक, मग आणखी एक अशी उघडायची. दर वेळी लावायचं, वाढवायचं नाहीतर फेकून मोकळं व्हायचं. शेवटी ज्याची पाच पानं भारी, ढीग त्याचा. शुभम त्याला होल्डेम म्हणायचा. आमच्या तोंडी ते बसेना, म्हणून आम्ही 'पाच उघडी' म्हणायला लागलो. ढीग चिंचोक्यांचा असायचा. बांधावरच्या चिंचेनं तेवढी सोय करून ठेवली होती.

सुरुवातीला भांडणं फार व्हायची. मामा हातात काही असो-नसो, सगळेच्या सगळे चिंचोके पुढे लोटायचा आणि म्हणायचा, "घ्या भाऊजी, होऊन जाऊ द्या!" बाबा दचकून चांगली पानं फेकून द्यायचे, मामा आपली दुर्री-सत्ती दाखवून खदखदा हसायचा आणि मग बाबा संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलायचे नाहीत. शेवटी आईनंच फर्मान काढलं. "भेव दाखवून काहून जिकता? पयल्या दोन खेपा दोन-दोन चिंचोके, शेवटच्या दोन खेपा चार-चार. त्याच्यावर एक बी नाई." शुभम फोनवर हसत सुटला. म्हणाला, "आत्या, पोकरवाले यालाच लिमिट म्हणतात." आईला पोकरही माहीत नव्हतं आणि लिमिटही नव्हतं. तिला फक्त नवरा आणि भाऊ एका ताटात जेवायला हवे होते.

पण त्या फर्मानानं खेळच बदलला. आता कुणाला घाबरवायची सोय उरली नाही. वाढवून वाढवून चार चिंचोके वाढणार; तेवढ्यासाठी कोण भितं? उरलं काय, तर समोरच्यानं कधी लावलं, कधी नुसतं पुढे चालू दिलं, कधी वाढवलं, एवढ्यावरून त्याची पानं वाचायची. आणि वाचायच्या कामात माझ्या बापाचा हात धरणारा सगळ्या इतवाऱ्यात नव्हता.

हे मी मुलगी म्हणून सांगत नाही, उलट त्यांच्या या गुणाचा मला उबगच होता. बाई वांग्याला हात लावून भाव विचारत असली की बाबा कानाशी पुटपुटायचे, "इले भेंडी पाह्यजे." ती भेंडीच घेऊन जायची. मला बघायला आलेल्या पहिल्या मुलानं पोह्यांची बशी अर्धी केली नसेल, तेवढ्यात बाबांनी आत येऊन आईला सांगितलं, "हा नाई म्हणते." तो नाही म्हणाला. मला राग त्या मुलाचा आला नाही, बापाचा आला. माणसानं थोडं तरी चुकावं की नाही?

पत्त्यात त्यांची एक रीत होती. मला शिकवताना त्यांनी सांबाराची जुडी हातात घेतली होती. सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. "त्याच्यापाशी अमुकच पान आहे, असं एकदम नाई म्हणाचं," ते म्हणाले. "त्यानं पयल्यांदा वाढवलं ना, मंग त्याच्यापाशी काय काय असू शकते, त्याची जुडी बांधाची. मोठ्या जोड्या, एक्का-राजा, एकाच रंगाची मोठी पानं. जाडजूड जुडी. मंग तीन पानं उघडली. त्यानं काय केलं? त्याच्यासंग जे जुळत नाई, ते काडी काढून फेकाची. चौथ्याले अजून काढाची. पाचव्यापर्यंत हातात दोन-चार काड्या उरतात. आन् सगळ्यात पयले कोणती काढाची, सांग?"

मला कुठलं यायला!

"आपल्या हातात जे पान हाये, ते. ते त्याच्यापाशी कुठून येईन? लोकं हेच इसरतात."

दुसरी खूण हाताची. "हात थरथरला का समजाचं, पान खरं हाये. खोटं दाबणारा हात आवळून धरते, हलूच देत नाई." आमच्यात चौथे खेळायला यायचे वामनराव, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. त्यांच्याकडे भारी पानं आली की त्यांचे चिंचोके पोत्यावर ठेवताना किणकिण वाजायचे. घाटात एसटी चालवलेला माणूस, पण तीन एक्क्यांपुढे त्याचा टिकाव लागायचा नाही. बाबा पानं फेकून हसायचे.

मामाचा हात मात्र कधीच थरथरला नाही. चाळीस वर्षं गजरे बांधलेली बोटं ती. वाढवायच्या आधी तो आपल्या दोन उपड्या पानांवर नखानं टक-टक वाजवायचा आणि विचारायचा, "पाहता का, भाऊजी?" पाहायचं म्हणजे चार चिंचोके टाकायचे. टाकले तर पानं दिसणार, नाही टाकले तर नाही. फेकणाऱ्याला समोरच्याची पानं बघायचा हक्क नाही, हा खेळाचा कायदा.

आणखी एक कायदा होता, तो बाबांचा. आई खेळायची नाही, पण चहा देताना कधीकधी मागं उभी राहून कुणाची तरी पानं बघायची. एकदा बाबांच्याच मागं होती आणि तिच्या तोंडून निघून गेलं, "अग्गंबाई, दोनी एक्के!" मामानं आणि वामनरावांनी तिथल्या तिथे पानं फेकली. बाबा असे काही भडकले की कपातला चहा पोत्यावर सांडला. "मांगून पाहणारा मुका असते, जमुने! तोंड उघडाचं असन तर शेडात पाय ठेवू नको." मामा मध्ये पडला, "जाऊ द्या ना भाऊजी, खेळच हाये." पण आईचा चेहरा उतरला. त्या दिवसानंतर ती मागं उभी राहिली तरी तिच्या चेहऱ्यावरची सुरकुती हलायची नाही. बाबा ते कौतुकानं सांगायचे, "आता शिकली."

मामाची ती शेवटची खेप पौषातली होती. हवेत गारवा होता, शेडमध्ये कोवळं ऊन आलं होतं. मामा आला तो जरा दमलेला वाटला. गाडीत उभं राहावं लागलं, म्हणाला. गजरा आईच्या हातात दिला आणि बसला. पत्ते मी वाटत होते.

वामनरावांनी लगेच फेकली. बाबांना दोन राण्या आल्या होत्या, एक बदामची, एक किलवरची. मामानं सुरुवातीलाच वाढवलं होतं. मी तीन पानं उघडली: बदाम नव्वी, किलवर सत्ती, बदाम चव्वी. बाबांनी लावलं, मामानं गुपचूप तेवढेच टाकले. चौथं उघडलं, इस्पिकची तिर्री. बाबांनी पुन्हा लावलं, मामानं पुन्हा तेवढेच टाकले. आई चहा घेऊन आली ती मामाच्या मागं उभी राहिली. पाचवं पान उघडलं, बदामची दुर्री.

आता मधल्या पानांत तीन बदाम झाले होते. ज्याच्या हातात दोन बदाम असतील त्याचा रंग झाला, आणि रंगापुढे राण्यांची जोडी म्हणजे पाचोळा. बाबांनी चार चिंचोके लावले. मामानं टक-टक केलं आणि चारावर चार वाढवले. ते चिंचोके ठेवताना त्याचा हात थरथरला. एक चिंचोका निसटून बाबांच्या गुडघ्यापाशी येऊन पडला.

बाबांचे डोळे लकाकले. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा श्रावणचा हात हलला होता. मागं चुलीवर दूध उतू गेल्याचा आवाज आला, आई तिकडे धावली.

"पाहता का, भाऊजी?" मामानं विचारलं.

ढीग मोठा झाला होता. पाहायला चारच चिंचोके लागत होते. शुभम नेहमी सांगायचा, अशा मर्यादा बांधलेल्या खेळात शेवटी एवढा ढीग असताना राण्या फेकायच्या नसतात. दहातून एकदा जरी समोरचा खोटा निघाला तरी चार टाकल्याचे पांग फिटतात. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळत होतं. पण त्यांना चार चिंचोके नको होते, त्यांना आपण वाचलंय हे दाखवायचं होतं.

"पाहू कायले? मले दिसूनच राहिलं," बाबा म्हणाले. "थंडीत तुले घाम आला. चहा तसाच पडला. खांदा चोळून राहिला. आन् हात पाहा तुहा. बदामचा रंग हाये तुह्यापाशी, श्रावण. हे घे." आणि त्यांनी दोन्ही राण्या उघड्याच फेकल्या.

वामनरावांनी टाळी वाजवली. मामा हसला. कपाळ पुसत, मान हलवत बराच वेळ हसला, आणि आपली दोन पानं न दाखवता गड्डीत सारून दिली. "पाहाचं होतं तर चार टाकाचे होते," म्हणाला. मग लगेच उठला. गाडी गाठायची आहे म्हणाला. आई चुलीकडून परत आली तोवर तो ऑटोत बसला होता.

अकोल्याला घरी पोचला, बूट सोडायला ओट्यावर बसला आणि तिथेच कलंडला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हे दुपारपासूनच सुरू झालेलं असणार. घाम आला असेल, खांदा दुखला असेल, हात थरथरला असेल. कुणी तेव्हाच आणलं असतं तर वाचले असते.

बाबांनी एकेक खूण मोजून दाखवली होती. एकही चुकली नव्हती.

तेरवीला आम्ही अकोल्याला गेलो. मैनाबाई, म्हणजे माझी मामी, आईच्या गळ्यात पडून रडली आणि मग बाबांना म्हणाली, "घरी आले तं लय खुशीत होते. म्हणे, 'मैने, भाऊजीईनं राण्या फेकल्या.' आन् हसले. कायले हसले, ते सांगाच्या आंधीच…" बाबा भिंतीला टेकून ऐकत होते. वामनराव शेजारी बसले होते. त्यांच्या मनात काही नव्हतं, पण वऱ्हाडी माणूस, मनात आलं ते जिभेवर. म्हणाले, "काय करता, पुंजारामभाऊ. पान वाचलं, माणूस नाई वाचला."

त्या वाक्यानं माझ्या बापाचा जीव घेतला. माणूस चालतोय, फिरतोय, पालकाला पाणी देतोय, पण आतून गेला तो गेलाच.

परतीच्या गाडीत त्यांनी मला एकच गोष्ट समजावून सांगितली. श्रावणपाशी खरंच रंग असेल, तर हात रंगामुळे थरथरला. तसा तो वामनरावचाही थरथरतो. मग कुणालाही काही कळायचं कारण नव्हतं. पण श्रावणपाशी काहीच नसेल, तो खोटाच वाढवत असेल, तर तो हात पानांनी थरथरला नव्हता. मग तो दुखण्यानं थरथरला होता आणि पुंजाराम होलेनं ते डोळ्यांनी बघून त्याच्यावर फुशारकी मारली. सगळं त्या दोन पानांवर आलं होतं, आणि ती बघायला चार चिंचोके पुरले असते.

तेव्हापासून ते तीच जुडी बांधतात आणि सोडतात. मामानं पहिल्यांदा वाढवलं होतं, म्हणजे बदामच असतील तर मोठे: एक्का-राजा, एक्का-गुलाम, राजा-गुलाम असे काही. राणीवाल्या सगळ्या काड्या बाद, कारण बदामची राणी बाबांच्याच हातात होती. मोठी जोडी असती तर मामासारखा उतावळा माणूस चौथ्या पानापर्यंत गप्प बसला नसता. मग उरले एक्का आणि राजा, वेगवेगळ्या रंगांचे, म्हणजे हातात शून्य. हे येण्याच्या तऱ्हा रंगाच्या तऱ्हांपेक्षा किती तरी जास्त. म्हणजे शून्यच. पण आईच्या फर्मानानंतर मामानं शेवटच्या खेपेला खोटं वाढवल्याचं कुणाला आठवत नव्हतं. म्हणजे रंग. पण मग तो घरी जाऊन हसला का? खरी पानं घेऊन जिंकलेला माणूस इतका हसतो का? इथवर आलं की बाबा पत्ते गोळा करायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे.

पहिल्या उन्हाळ्यात ते म्हणाले, "टक-टक आयकू येते." मी शोधलं. शेडच्या कडेला पाइपचा जोड ढिला होता, पाणी टिनावर ठिबकत होतं. पान्ह्यानं आवळून टाकला आणि बापाला वर चार शब्द सुनावले. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, कुठेही पाणी सुरू नसताना, मी पालक निवडत बसले होते. बाबांनी समोर दोन पानं ठेवली. आणि मी ऐकलं. नखानं वाजवावं तसं, दोनदा. मी मान वर केली तर बाबा माझ्याकडेच बघत होते, आयकलं ना, असं विचारत. मी म्हटलं, टिन तापलंय, टिन वाजतं. तापलेलं टिन वाजतंच. पण ते दोनदा वाजून थांबत नाही.

ते बाजारात यायचे बंद झाले. गिऱ्हाइकाकडे बघायचे नाहीत. आईकडे तर मुळीच नाही. त्या तीन वर्षांत त्यांनी आईला एकदाही विचारलं नाही आणि आईनं एकदाही सांगितलं नाही, आणि ती मामाच्या मागं उभी होती हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ते हाताचं, काड्यांचं पुराण सुरू झालं की आई उठून चुलीकडे जायची. पत्त्यांचं बोलणं तिच्या कानात शिरायचं नाही, तिनं शिरू दिलं नाही.

परवाची गोष्ट. पुन्हा पौष लागलाय. आई शेडमध्ये सांबाराच्या जुड्या बांधत होती, मी तिच्याजवळ पालक निवडत होते. बाबांनी पानं वाटली, मधली पाच उघडली. मग एकदम मान वर करून रिकाम्या पोत्याला म्हणाले, "थांब. पाहतो."

त्यांनी चार चिंचोके उचलून मध्ये ठेवले. त्यांचा हात समोरच्या दोन पानांकडे गेला आणि पानांवरच अडला. थरथरत होता. उलटून काय दिसणार होतं? त्यांनीच मघाशी पिसून वाटलेली कुठली तरी दोन पानं. पण तो माणूस ती उलटू शकत नव्हता आणि हातही मागं घेऊ शकत नव्हता.

"जमुने," ते म्हणाले.

आईनं बांधत्या जुडीवरून नजर काढली नाही.

"तू त्याच्या मांग उभी होती."

"होती."

"पाह्यलं असन तू."

आईनं जुडीला आणखी एक वेढा दिला.

"काय होतं त्याच्यापाशी? सांग मले. मी आता जास्त दिवस नाई काढत असा."

शेजारच्या वावरातली मोटार बंद पडली आणि सगळीकडे शांत झालं. आईनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग सरळ बाबांकडे. "रंगच होता," ती म्हणाली. "तुमी म्हटलं होतं तसाच. बदामचा राजा आन् बदामची राणी. म्यां डोयानं पाह्यले. लय सुंदर पानं होती."

माझ्या हातातली पालकाची काडी हातातच राहिली. बदामची राणी. ती तर मी बाबांना वाटली होती. बाबांनी ती सगळ्यांसमोर उघडी फेकली होती, आई तेवढी चुलीकडे होती; राण्या फेकल्या एवढंच तिच्या कानावर आलं होतं, कोणत्या ते नाही. तिला वाटलं असेल, राजा आणि राणी, याहून चांगलं काय असणार? इतकं बेतून, इतकी वर्षं मनात घोळवून तिनं सांगितलं, आणि अख्ख्या गड्डीतून नेमकं तेच पान उचललं जे नवऱ्याच्या हातात होतं.

बाबा तिच्या तोंडाकडे बघतच नव्हते. ते तिच्या हाताकडे बघत होते. आईनं सांबाराची जुडी मुठीत आवळून धरली होती. हात जरासुद्धा हलत नव्हता. काड्या चिरडून तिच्या बोटांवर हिरवं पाणी आलं होतं, सगळ्या शेडमध्ये वास पसरला होता.

मला वाटलं, आता हा माणूस ओरडेल. तू खोटं बोलून राहिली म्हणेल. आपल्या हातातलं पान त्याच्यापाशी कुठून येईन, हे त्यांनीच तर शिकवलं होतं.

"राजा-राणी," बाबा म्हणाले.

"हो."

"बदामचे."

"हो ना."

"मंग बरोबरच फेकल्या म्यां." त्यांनी मधले चार चिंचोके हळूच स्वतःकडे ओढून घेतले आणि हसायचा प्रयत्न केला. "चार चिंचोके वाचले माहे."

"वाचले ना," आई म्हणाली. तिची मूठ सुटली, जुडी मांडीवर विस्कटली आणि पदर तोंडात कोंबून ती रडायला लागली. भावाच्या तेरवीलाही ती अशी रडली नव्हती.

बाबांनी समोरची दोन पानं न उलटता गड्डीत सारली. मग उठले, रिकाम्या पोत्याची घडी केली, कोपऱ्यातल्या पोत्यांवर ठेवली आणि पालकाकडे निघाले. मी मागोमाग गेले. मला गप्प बसवेना, कधी बसवलंय?

"बाबा, बदामची राणी तर तुमच्यापाशी—"

"मांगून पाहणारा मुका असते," ते म्हणाले. रागानं नाही. पाणी सोडायला वाकले होते, तसेच पाटाच्या कडेला खाली बसले. "त्याच्यापाशी काई नव्हतं, रागिणे. रंग असता तं तिनं पान चुकवलं नसतं, खरं तेच सांगितलं असतं. हातात काई नाई, आन् हात तं थरथरून राहिला. दोनी गोष्टी एकट्या तिलेच दिसत होत्या. तिचा भाऊ होता, तिले समजलंच असन काई तरी. तिनं नुसतं म्हणाचं होतं, 'श्रावण, तुह्यापाशी काई नाई, मंग हात काहून थरथरते?'"

"मग म्हटलं का नाही तिनं?" मी विचारलं. विचारताना मला उत्तर माहीत होतं.

पाण्याची धार पहिल्या वाफ्यात शिरली. बाबांनी हातानं पाटाची कड सारखी केली.

"तोंड उघडाचं असन तर शेडात पाय ठेवू नको," ते म्हणाले. "म्यांच म्हटलं होतं ना तिले?"